शनिवारी थांबलेला घाणा

नाणेघाटाच्या माथ्यावर, जुन्नरचे पठार संपून कोकणाचा कडा सुरू होतो त्या जागी, सातवाहनकालीन लेणे आहे. त्याच्या भिंतींवरचा ब्राह्मी लेख नागनिका राणीच्या नावाने ओळखला जातो. त्यात अश्वमेधासह अनेक यज्ञांचे उल्लेख आहेत आणि त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा हिशेब आहे: हजारांनी गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण नाणी. आकडे दगडात कोरलेले असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासातही या लेखाला मानाचे स्थान मिळाले. माणसाने देवकार्यासाठी किती दिले, ते इथे दोन हजार वर्षांनीही वाचता येते.

याच्या उलट हिशेब, म्हणजे देवाचे ऐकणाऱ्या माणसाला देवाने काय दिले, तो हिब्रू धर्मग्रंथांत जागोजाग सापडतो. ज्यू ज्यांना तनाख म्हणतात आणि ख्रिस्ती लोक जुना करार म्हणून वाचतात, ते हे ग्रंथ. ईयोबाच्या मेंढ्या आणि उंट सोडले, तर या हिशेबात आकडे क्वचितच येतात. एखाद्याला डोंगर मिळतो, एखाद्याला वंश, एखाद्याला नुसता जीव. हे सारे फार दूरच्या देशातले आहे असे आपल्याला वाटते. पण या ग्रंथांतली एक आज्ञा आपल्याच घाटांखालच्या किनाऱ्यावर, मराठी बोलणाऱ्या घरांत, कित्येक शतके पाळली गेली; आणि तीही हातात ग्रंथ नसताना. जुन्नर-आंबेगावच्या वाचकापुढे हा विषय मांडताना मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

नाणेघाट हा व्यापाराचा घाट. त्याची वाट खाली मुरबाडमार्गे कल्याणला जाते. सोपारा आणि चौल ही त्या काळची मोठी बंदरे याच किनाऱ्यावरची. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदली गेली, त्यांतल्या दानलेखांत समुद्रापलीकडून आलेल्या यवनांची नावेही आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. आंबेगावच्या बाजूने भीमाशंकरचा कडा उतरला की खाली खांडस, कर्जत, म्हणजे रायगड जिल्हाच. पुढे पेण, पनवेल, रोहा, अलिबाग. या भागातल्या गावांची नावे आडनावात घेऊन वावरणारा एक समाज आहे: पेणकर, रोहेकर, केहिमकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर, राजपूरकर. हे बेने इस्राएल, महाराष्ट्राचे ज्यू.

त्यांची परंपरा सांगते की चौलजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीचे बुडाले, त्यांची प्रेते नवगावातच पुरली. सोबतचे ग्रंथही समुद्राने नेले. हे कधी घडले याबद्दल मते अनेक आहेत; हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली पुऱ्या केलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात नेले आहे. (हा इतिहास छापून यायला १९३७ साल उजाडले, तोही तेल अवीवला.) मला इथे सनावळीपेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते. ग्रंथ गेला, देऊळ नाही, धर्मगुरू नाही, मायदेशाशी संबंध नाही. अशा वेळी माणसे काय धरून ठेवतात?

त्यांनी थोडक्याच गोष्टी धरल्या. देव एक आहे अशी ग्वाही देणारी ‘शेमा’ ही प्रार्थना. मुलग्याची आठव्या दिवशी सुंता. खवले आणि पर नसलेला मासा न खाणे. वर्षातले काही सण, ज्यांची हिब्रू नावे विसरली आणि मराठी नावे रुजली: नव्याचा सण, दारे लावून दिवसभर उपास करायचा दरफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. आणि शनिवार.

पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. सहा दिवस घाणा चाले, शनिवारी बैल सोडलेला असे. गावोगावचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. महादेवाच्या नंदीचा मान राखून सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, तसे हे शनिवार तेली. गावाने त्यांची आज्ञाधारकता जातीच्या नावातच नोंदवून ठेवली.

आता कुणी म्हणेल, आठवड्यातून एक दिवस काम बंद ठेवण्यात धैर्य ते कसले? हातावर पोट असणाऱ्याला विचारावे. घाणा थांबला की त्या दिवसाचे तेल नाही, पेंड नाही, गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे जाते. दुष्काळ असो, लग्नसराई असो, शनिवार यायचाच. आणि मोडला असता तर विचारणारे कोण होते? धर्मपीठ नाही, दंड नाही, शेजाऱ्याला त्या आज्ञेचे काही वाटायचे कारण नाही. रणांगणावरचे धैर्य एका दिवसाचे असते आणि त्याला पाहणारे असतात. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी बैल सोडण्याला साक्षीदार घरचेच. हिब्रू ग्रंथांत ज्या आज्ञाधारकतेचे कौतुक होते, त्यातली बरीचशी याच जातीची आहे.

निर्गम या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी भेटतात. मिसरच्या फारोने त्यांना हुकूम दिला की हिब्रू बाईला मुलगा झाला तर त्याला तिथेच मारायचे. त्यांनी मुले जगवली. राजाने जाब विचारला तेव्हा हिब्रू बायका अंगाने दणकट, आम्ही पोहोचण्याआधीच त्या बाळंत होतात, असे उत्तर देऊन त्या मोकळ्या झाल्या. त्या देवाला भ्यायल्या, राजाला नाही. म्हणून देवाने त्यांची घराणी वसवली, असे ग्रंथ सांगतो. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस या सुइणींना मिसरी मानतो. मध्ययुगातला भाष्यकार राशी जुन्या परंपरेला धरून सांगतो की त्या मोशेची आई आणि बहीण, आणि त्यांना मिळालेली घराणी म्हणजे याजकांची आणि राजांची. जोसेफसचे खरे असेल तर आणखी विशेष, कारण मग पहिले बक्षीस परक्या बायकांना मिळाले. दोघींची नावे ग्रंथाने जपली. ज्याच्या नावाने अख्खा देश थरथरत होता त्या फारोचे नाव मात्र या गोष्टीत कुठेच नाही.

सुइणींची ही गोष्ट वाचताना आंबेगावच्या माणसाला महाळुंगे पडवळ आठवल्याशिवाय राहणार नाही. त्या गावचा बाबू गेनू सैद, जन्म १९०८, मुंबईत गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवायला तो रस्त्यात आडवा झाला. प्रचलित हकिकत अशी की भारतीय चालकाने ट्रक पुढे न्यायला नकार दिला, तेव्हा इंग्रज सार्जंटने चाक हातात घेतले आणि ट्रक बाबू गेनूच्या अंगावरून नेला. वय बावीस. त्या चालकाचा नकार मला शिप्रा-पुवाच्या नकाराइतकाच मोलाचा वाटतो. हुकूम सरकारचा, पण माणसाचा जीव त्याहून वरच्या कुणाचा, एवढे त्याला त्या क्षणी कळले.

बाबू गेनूचा धर्म वेगळा, काळ वेगळा, त्याने ऐकलेली हाक देशाची. त्याला हिब्रू ग्रंथांच्या चौकटीत ओढून बसवणे मला मान्य नाही. पण फळाचा प्रश्न दोन्हीकडे एकच येतो. बाविसाव्या वर्षी चिरडून मेलेल्या मुलाला काय मिळाले? घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला आज हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. जुने आंबेगाव गाव त्याच पाण्याखाली गेले. तालुक्याला नाव देणारे गाव राहिले नाही, कचेऱ्या घोडेगावात आहेत, आणि पाण्यावर मात्र गिरणी कामगाराचे नाव आहे.

यशयाच्या ग्रंथात असेच एक वचन आहे. ज्यांना मूल होणे शक्य नाही असे षंढ आणि परदेशातून आलेले परके, यांना त्या काळी देवळाच्या समाजात जागा नव्हती. त्यांतले जे षंढ शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळतील त्यांना देव आपल्या भिंतींच्या आत मुलामुलींहून सरस असे नाव देईल, असे संदेष्टा सांगतो. ज्यूंच्या संहाराच्या स्मरणार्थ जेरुसलेममध्ये उभारलेल्या याद वाशेम या स्मारकाचे नाव याच ठिकाणाहून घेतले आहे. शनिवार पाळण्याचे फळ म्हणून नाव मिळते, ही गोष्ट नवगावच्या तेल्यांच्या बाबतीत किती अक्षरशः खरी ठरली! त्यांच्याजवळ तो अध्याय नव्हता, आणि नाव मात्र शेजाऱ्यांनी दिले.

गीता ऐकत वाढलेल्या आपल्या मनाला फळाची ही भाषा थोडी खटकते. कर्म करावे, फळाकडे पाहू नये, हे आपल्या अंगात मुरलेले. हिब्रू ग्रंथांना मात्र फळाचा संकोच नाही. देव देतो, आणि देतो हे उघड सांगतो. तरीही त्या परंपरेतल्या जाणत्यांनी हिशेबी भक्तीला आवर घातलाच. सोखोच्या अंतिगोनसाचा उपदेश आहे की मजुरीसाठी धन्याची सेवा करणाऱ्या चाकरासारखे होऊ नका. बेन अज्जाईची शिकवण त्याच्याही पुढची: एक आज्ञा पाळल्याचे फळ म्हणजे पाळायला मिळालेली दुसरी आज्ञा.

हे नुसते तत्त्वज्ञान वाटत असेल तर कालेबाकडे पाहावे. मोशेने कनान देश हेरायला बारा माणसे पाठवली. चाळीस दिवसांनी ती परतली. दहा जणांनी लोकांना घाबरवले: तटबंदीची शहरे आहेत, राक्षसासारखी माणसे आहेत, आपले काही चालणार नाही. कालेब आणि यहोशवा या दोघांनीच सांगितले की देव बरोबर आहे तर आपण जाऊ. लोक त्यांच्यावर दगड उचलून धावले. देवाने कालेबाला त्या भूमीचे वचन दिले, पण ताबडतोब नव्हे. भित्र्यांच्या पिढीबरोबर खरे बोलणाऱ्यालाही रानात चाळीस वर्षे काढावी लागली. दुसऱ्यांच्या भित्रेपणाची शिक्षा त्यानेही भोगली, याबद्दल ग्रंथ काही सारवासारव करत नाही. शेवटी पंच्याऐंशी वर्षांचा कालेब यहोशवापुढे उभा राहिला आणि आपला वाटा मागितला. त्याने सपाटीची जमीन मागितली नाही, पाणथळ मळा मागितला नाही. हेब्रोनचा डोंगरी मुलूख मागितला, जिथे ती दणकट माणसे आणि ते तट अजून होते, ज्यांना पाहून बाकीचे दहा घाबरले होते. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन यांच्या सावलीत राहणाऱ्यांना या मागणीचा अर्थ समजावून सांगायला नको. किल्ला मिळणे म्हणजे तो आधी घेणे आणि मग राखणे.

जुन्नर-नारायणगावची आजची ओळख द्राक्षाची. मांडवाखालून चालताना मला रेखाबी आठवतात, कारण त्यांनी द्राक्षाला हात लावायचा नाही असे ठरवले होते. यिर्मया संदेष्ट्याच्या काळात, जेरुसलेमला खाल्डियांच्या फौजेचा धोका असताना, हे तंबूवाले लोक शहरात आश्रयाला आले. यिर्मयाने देवाच्या सांगण्यावरून त्यांना मंदिराच्या एका खोलीत नेले, पुढे द्राक्षारसाचे प्याले ठेवले आणि घ्या म्हणाला. त्यांनी नकार दिला. आमच्या पूर्वजाने, रेखाबाच्या मुलाने योनादाबाने, आम्हाला सांगून ठेवले आहे: द्राक्षारस प्यायचा नाही, घर बांधायचे नाही, मळा लावायचा नाही, तंबूत राहायचे. योनादाबाला जाऊन तेव्हा दोन शतकांहून जास्त काळ लोटला होता. समोर संदेष्टा, जागा मंदिराची, आग्रह प्रतिष्ठितांपुढचा. तरी ते बधले नाहीत. यिर्मयाने मग जेरुसलेमकरांना सुनावले की ही माणसे मेलेल्या पूर्वजाचा शब्द पाळतात आणि तुम्ही जिवंत देवाचा पाळत नाही. रेखाब्यांना वचन मिळाले की योनादाबाच्या वंशात देवापुढे उभे राहणारा माणूस कधी कमी पडणार नाही.

द्राक्षारस वाईट असे या गोष्टीत कुठेही म्हटलेले नाही. तो इतरांना निषिद्ध नव्हताच. मळा लावणाऱ्याने खुशाल लावावा. देवाने गौरवली ती त्यांची सातत्याची निष्ठा. बेने इस्राएलांचा विचार करताना ग्रंथातली सगळ्यांत जवळची गोष्ट मला हीच वाटते. दोघांकडेही पुस्तक नव्हते, वडिलांचा शब्द होता. दोघांनीही तो बाहेरच्या जगाला विचित्र वाटेल इतका काटेकोर पाळला. आणि दोघांना मिळालेले फळही एकाच तऱ्हेचे आहे: तुम्ही राहाल, उभे असाल.

त्याच यिर्मयाच्या आयुष्यातली दुसरी गोष्ट विहिरीची आहे, आणि ज्याने जुन्नरच्या लेण्यांतल्या पोढी पाहिल्या आहेत त्याला ती जागा डोळ्यांपुढे आणता येईल. खडकात खोदलेले, वरून अरुंद तोंडाचे टाके. शहर शत्रूच्या हाती जाणार असे बोलल्याबद्दल सरदारांनी यिर्मयाला अशा टाक्यात सोडले. पाणी नव्हते, चिखल होता. तो त्यात रुतला. सिद्कीया राजाला हे माहीत होते, पण तो आपल्याच सरदारांना भीत होता. अशा वेळी राजवाड्यातला एक कूशी चाकर, एबद-मलेख, पुढे झाला. कूश म्हणजे नाईलच्या वरच्या अंगाचा आफ्रिकी मुलूख. राजा बन्यामीन वेशीत बसला होता, चारचौघांत, तिथे जाऊन त्याने सांगितले की या माणसांनी वाईट केले, तो तिथे उपाशी मरेल. राजाने माणसे दिली. एबद-मलेख भांडाराखालच्या खोलीत गेला आणि जुन्या चिंध्या, फाटकी कापडे गोळा करून आणली. ती दोरांनी खाली सोडली आणि यिर्मयाला सांगितले की ही काखेत घाल, मग दोर लाव. दोर काचू नये म्हणून.

इतक्या बारीक तपशिलासाठी ग्रंथकाराने जागा दिली, याचे मला फार मोल वाटते. धैर्याबरोबर माया असली की ती चिंध्याही आठवणीने आणते. शहर पडण्याआधीच एबद-मलेखाला देवाचा निरोप आला होता: तू तलवारीने मरणार नाहीस, तुझा जीव तुला लुटीसारखा मिळेल, कारण तू माझ्यावर भरवसा ठेवलास. जमीन नाही, वंश नाही, पद नाही. सगळे शहर जळत असताना जीव वाचणे एवढेच.

आणि उरीया? यिर्मयासारखेच बोलणारा हा दुसरा संदेष्टा. त्या वेळच्या राजाला राग आला, उरीया मिसरात पळाला, तिथून त्याला धरून आणले, मारले आणि त्याचे प्रेत सामान्यांच्या स्मशानात टाकले. चार ओळींत गोष्ट संपते. त्यानेही आज्ञा पाळली होती. त्याला फळ मिळाल्याचा उल्लेख नाही. जे लोक या ग्रंथांतून आज्ञा पाळा आणि भरभराट घ्या असा सरळ सौदा काढून दाखवतात, त्यांनी उरीयाच्या त्या चार ओळी वगळलेल्या असतात. दानीएलाच्या ग्रंथातल्या तिघा मित्रांना हे ठाऊक होते. भट्टीपुढे उभे राहून त्यांनी राजाला सांगितले की आमचा देव आम्हाला सोडवू शकतो, पण त्याने सोडवले नाही तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. त्यांचे सगळे धैर्य त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे.

या जागी मालीणचे नाव घेणे मला भाग आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या या आदिवासी गावावर डोंगर उतरला आणि दीडशेवर माणसे गाडली गेली. अशा वेळी कुणाचा तरी कोप झाला, कुणाचे तरी चुकले, असे बोलणारे नेहमी भेटतात. फळाचा सिद्धान्त उलटा फिरवला की तो मेलेल्यांवर आरोप करू लागतो. ईयोबाचे मित्र नेमके हेच करत होते: तुझ्यावर संकट आले, म्हणजे तू पाप केले असणार. ग्रंथाच्या शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, त्या मित्रांवर होतो. आज्ञाधारकाला देव देतो असे सांगणाऱ्या ग्रंथांनीच, ज्याला मिळाले नाही तो अपराधी, हा निष्कर्ष बंद करून टाकला आहे. तो दरवाजा आपणही उघडू नये.

पुन्हा किनाऱ्याकडे. बेने इस्राएलांच्या परंपरेत डेव्हिड राहबी नावाचा माणूस येतो. कोकणात आल्यावर या लोकांच्या चालीरीती पाहून हे आपलेच असावेत अशी त्याला शंका आली. त्याने घरातल्या बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले, आम्ही हे खात नाही म्हणाल्या. त्यावरून त्याने ओळखले. पुढे त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घरांतली माणसे निवडून त्यांना धर्म शिकवला, ते काजी झाले. परंपरा सांगते त्याप्रमाणे, विसरलेल्या समाजाला त्याच्या भाईबंदांशी परत जोडून दिले ते चुलीपुढच्या बायकांनी. १७३८ सालच्या एका डॅनिश मिशनऱ्याच्या पत्रात या समाजाचा उल्लेख येतो, त्यातही ग्रंथ नाही आणि ‘शेमा’ आहे अशीच नोंद आहे.

पुढे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला हा शिपाईगडी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. सुटलो तर प्रार्थनाघर बांधीन असा त्याचा संकल्प होता, असे समाज सांगतो. सुटका झाली, आणि १७९६ साली मुंबईत मांडवीला ‘शआर हारहामीम’, दयेचे द्वार, उभे राहिले. भारतातल्या बेने इस्राएलांचे हे पहिले प्रार्थनास्थान. नवस फेडण्याची आपली रीत आणि जुनी हिब्रू रीत इथे एका माणसात भेटली.

ग्रंथ त्यांच्या हाती आले ते मात्र अनपेक्षित वाटेने. मुंबईतल्या अमेरिकन मिशनने आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या. विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. शाळा काढणाऱ्यांना हे लोक ख्रिस्ती व्हावेत अशी आशा होती. झाले ते असे की त्यांना आपल्याच ग्रंथांचे मराठी भाषांतर आणि आपलीच हरवलेली भाषा मिळाली, आणि ते ज्यूच राहिले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. मिशनऱ्यांनी अंतःकरणपूर्वक केलेल्या कामाचे हे फळ त्यांनी योजलेले नव्हते, पण ते वाया गेले असे मी म्हणणार नाही.

हिब्रूतून मराठीत येण्याची आणखी एक वाट पुणे जिल्ह्यातच आहे, दौंड तालुक्यातल्या केडगावला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मुळावरून सोप्या मराठीत आणले. दीड तपाचे हे काम. मधल्या काळात, १९२१ साली, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. दुष्काळातून आणि वैधव्यातून मुक्ती मिशनमध्ये आलेल्या स्त्रियांनी तिथल्या छापखान्यात त्याचे काम केले. शिप्रा आणि पुवा यांची नावे त्या हातांखालून गेली. रमाबाईंच्या शास्त्री बापाने जातीचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले नसते, तर यातले काही झाले नसते. अनंतशास्त्री डोंगरे यांना त्याचे फळ म्हणून वनवास आणि दुष्काळातले मरण मिळाले, हेही तिथेच लिहून ठेवले पाहिजे.

पण या गोष्टी मराठी मनात खऱ्या मिसळल्या त्या कीर्तनात. ओतूरला तुकोबांचे गुरू मानल्या गेलेल्या बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची. जुन्नरच्या माणसाला कीर्तन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. १८८० साली मुंबईत बेने इस्राएलांनी ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’ काढले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर, डेव्हिड हाईम दिवेकर अशा मंडळींनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, आर्या, ओवी यांत रचली. त्यांच्या छापील पुस्तिका निघाल्या. कीर्तन हा प्रकार या विषयाला फार योग्य आहे असे माझे मत आहे. पूर्वरंगात सिद्धान्त मांडायचा आणि उत्तररंगात माणूस उभा करायचा. देव आज्ञाधारकाला सांभाळतो हे पूर्वरंगात सांगणे सोपे. उत्तररंगात चाळीस वर्षे रानात चालणारा कालेब आणला की सिद्धान्ताला त्याचे खरे वजन येते. आणि एस्तेरची गोष्ट कीर्तनात सांगायची तर आणखीच पेच, कारण त्या हिब्रू पुस्तकात देवाचे नावच नाही. बोलावणे नसता राजापुढे गेले तर मरण, हे माहीत असून तीन दिवसांचा उपास करून ती मुलगी जाते, आणि तिला तसे करायला सांगणारा आवाज देवाचा नसतो, चुलतभाऊ मर्दखयाचा असतो.

आख्यानांतल्या माणसांत एलीयाला या समाजात वेगळाच मान. नवस फेडताना, लग्नाआधी, प्रवासाला निघताना मलिदा करतात: गोड पोहे, नारळ, फळे आणि एलियाहू हानाबीचे, म्हणजे एलीया संदेष्ट्याचे, स्मरण. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. स्वर्गात जाताना तो इथे टेकला असे मानतात. कर्मेल डोंगरावर एकट्याने बआल देवाच्या संदेष्ट्यांना तोंड देणारा हा संदेष्टा दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून रानात पळाला, झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला त्या घडीला काय दिले? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा गडू. झोप. पुन्हा भाकर. मग पुढची कामगिरी. अग्निरथ फार नंतर आला.

१९४८ नंतर बेने इस्राएलांतले बहुसंख्य इस्राएलला गेले, आणि तिथे शेवटची परीक्षा झाली. ज्या शनिवारासाठी कोकणात ते ओळखले गेले, त्याच शनिवारच्या देशात तिथल्या धर्मपीठाने १९६२ साली विवाहासाठी त्यांच्या कुळाची चौकशी मागणारा आदेश काढला. तुम्ही पुरते ज्यू आहात याची खात्री काय, असा त्याचा अर्थ होता. मराठी बोलणाऱ्या या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. लहान मुले, म्हाताऱ्या बायका रस्त्यावर बसल्या. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व दृष्टींनी ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत असे जाहीर केले. त्याच महिन्यात धर्मपीठाने आदेशातला त्यांच्या नावाचा उल्लेख काढला. या वेळी त्यांनी कुणाचीही आज्ञा निमूट मानली नाही. पूर्वजांचा शब्द पाळला म्हणूनच धर्मपीठाचा शब्द त्यांना अमान्य करता आला, आणि शिप्रा-पुवाच्या गोष्टीतली आज्ञाधारकताही याच रीतीची होती.

महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातल्या गावांत आता घरे थोडी उरली आहेत. अलिबागचे मागेन आबोत, पनवेलचे बेथ एल, पुण्यात रास्ता पेठेतले सुक्काथ शेलोमो ही प्रार्थनास्थाने चालू आहेत. इस्राएलमध्ये बायकांची मंडळे अजून मराठीत ही कीर्तने गातात, आणि तिथे जन्मलेल्या नातवंडांना मराठी समजत नसले तरी मलिद्याचे ताट पुढे आले की एलियाहू हानाबीचे गाणे ती म्हणतात.